एकाच अंगणात टर्की आणि कोंबडी

पाखरू एक आणि त्याच्या नावात मुलूख मात्र चार, असा प्रकार टर्कीच्या वाट्याला आला आहे. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरविले. तुर्कांनी हे नाते अंगाला लावून घेतले नाही. त्यांच्या भाषेत तिचे नाव 'हिंदी'. फ्रेंचांचा शब्दही मूळ 'हिंदुस्थानची' याच अर्थाचा आहे. डच मंडळी आणखी नेमकेपणाने चुकली. त्यांनी थेट कालिकत बंदर गाठले आणि तिला 'काल्कून' म्हटले. पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे नाव तिच्या गळ्यात बांधले. गंमत अशी, की या चारही ठिकाणांपैकी एकही तिचे माहेर नव्हे. टर्की मूळची मेक्सिकोतील आणि उत्तर अमेरिकेतील रानांची. मेक्सिकोतील लोकांनी तिला दोन हजार वर्षांहूनही आधी माणसाळविले, सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश जहाजांतून ती युरोपात उतरली आणि तेथून पुढे जो तो तिला आपापल्या अंदाजाने नाव देत गेला.

पोर्तुगीजांच्या मागोमाग हे पाखरू आपल्या किनाऱ्यालाही लागले. १६१२ साली मुकर्रबखान हा मोगल सरदार जहांगीर बादशहासाठी दुर्मिळ वस्तू मिळविण्याकरिता गोव्यास गेला होता. परत येताना त्याने जे प्राणी आणले त्यांत एक टर्कीचा नर होता. बादशहा चिकित्सक आणि नव्या गोष्टींचा मोठा शौकीन. त्याने आपल्या आत्मचरित्रात या पाखराचे वर्णन करून ठेवले आहे: आकार लांडोरीहून मोठा, मोराहून लहान, रंगात आला म्हणजे पिसारा फुलवून नाचतो, आणि डोक्यामानेची कातडी घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, तर घटकेत पिरोजाच्या रंगाची होते. केवळ शब्दांवर त्याचे समाधान झाले नाही. त्याने पाखराचे चित्र काढविले. उस्ताद मन्सूरच्या हातचे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळच्या जेवणात 'पेरू'ला आजही मान आहे, त्याचे मूळ या जुन्या जलमार्गात शोधावे लागते.

परंतु आजचा विषय बादशाही पाखरखान्याचा नाही. तो लहान शेतकऱ्याच्या अंगणाचा आहे. टर्की आणि कोंबडी ही दोन पाखरे एकाच घराच्या आश्रयाने एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. ज्या मुलखात तो पिढ्यान्पिढ्या प्रत्यक्ष सोडवावा लागला तेथे त्याने अनेकांची वर्षाची कमाई बुडविली आणि एका जुन्या वाणाचा जवळजवळ शेवट केला. तो मुलूख म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येचा न्यू इंग्लंड, आणि त्यातही ऱ्होड आयलंड हे संस्थान.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य. नॅरागॅन्सेट नावाचा समुद्राचा एक मोठा फाटा त्याच्या अंगात खोलवर शिरलेला आहे. त्याच्या दोहो तीरांवर दगडी बांधांची लहान लहान शेते, थंड दमट हवा आणि खडकाळ जमीन. मोठ्या शेतीला अनुकूल असे येथे फारसे काही नाही. म्हणून येथील शेतकरी पाखरांकडे वळला. या चिमुकल्या राज्याने जगाला एक कोंबडी दिली आणि एक टर्की दिली. कोंबडीचे नाव ऱ्होड आयलंड रेड. आपल्याकडील जुनी सरकारी कुक्कुटपालन केंद्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही तांबूस-काळसर, दणकट, भरपूर अंडी देणारी कोंबडी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात लिटल् कॉम्प्टन या गावाच्या परिसरातील शेतकऱ्यांनी आशियातून आलेल्या कोंबड्यांशी आपल्या गावठी कोंबड्यांचा संकर करून ती घडविली. १९०४ साली तिला अमेरिकेच्या प्रमाणग्रंथात स्थान मिळाले, १९२५ साली तिच्या नावाने तेथे स्मारकशिला उभी राहिली आणि १९५४ साली ती त्या राज्याचा अधिकृत पक्षी झाली. कोंबडीला यापेक्षा मोठा सन्मान कोणता मिळावयाचा!

तिची शेजारीण असलेल्या टर्कीचे नाव नॅरागॅन्सेट. तिची कथा जरा वळणाची आहे. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले आपल्याबरोबर काळ्या रंगाच्या पाळीव टर्की घेऊन अमेरिकेत आले. म्हणजे मेक्सिकोची लेक युरोपात शंभर वर्षे राहून पुन्हा आपल्याच खंडात परतली. तेथील रानात तिचे रानटी भाईबंद हिंडतच होते. रानातले नर वाडीतल्या माद्यांकडे येत, आणि या संबंधातून जी संतती झाली तिच्यात पाळीव पाखराचा शांतपणा आणि रानातल्याचा काटकपणा दोन्ही उतरले. नॅरागॅन्सेटच्या अंगावर काळा, राखी, पिंगट आणि पांढरा असे पट्टे असतात. पूर्ण वाढलेला नर सुमारे १५ किलो, मादी सुमारे ८ किलो. शेजारची ऱ्होड आयलंड रेड कोंबडी जेमतेम ३ किलोची. १८७४ मध्ये अमेरिकेतील कुक्कुटपालकांच्या संघाने पाखरांच्या वाणांचा पहिला प्रमाणग्रंथ काढला तेव्हा टर्कीचे जे मोजके वाण त्यात आले, त्यांत नॅरागॅन्सेट होतेच. याच राज्यातील वेस्टर्ली गावचा होरेस व्होज हा शेतकरी १८७३ पासून १९१३ पर्यंत अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी सणासाठी टर्की पाठवीत असे. चाळीस वर्षांत अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले. टर्की ऱ्होड आयलंडचीच राहिली.

त्या काळची पाळण्याची रीत साधी होती. वसंतात पिले निघावीत, उन्हाळाभर कळपाने शेते, कुरणे आणि झुडुपे तुडवीत टोळ, नाकतोडे, किडे आणि गळालेले धान्य खावे, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या आभारदिनाच्या सणाला विकली जावीत. टर्कीचे जुने वाण विक्रीयोग्य होण्यास सुमारे २८ आठवडे घेतात. मेच्या आरंभी निघालेले पिलू हिशेबाने बरोबर नोव्हेंबरच्या मध्याला तयार होते. जणू पंचांग पाहूनच निसर्गाने ही मुदत ठरविली असावी. अंडे बारमाही आणि टर्की वर्षातून एकदा, अशी कोंबडीची व टर्कीची जोडी लहान शेतकऱ्याच्या संसाराला सोयीची होती. कोंबडीच्या अंड्यांवर मीठमिरची चाले आणि टर्कीच्या रोख पैशावर हिवाळ्याची बेगमी होई.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे चित्र पालटले. १९३० नंतर रुंद छातीच्या टर्की आल्या. गिऱ्हाइकाला छातीचे पांढरे मांस हवे, म्हणून पैदास करणाऱ्यांनी छाती वाढवीत नेली. पुढे पिसेही पांढरी केली, कारण सोललेल्या पाखरावर काळ्या पिसांची मुळे दिसली तर गिऱ्हाईक नाक मुरडते. आजचा कारखानदारी नर अठरा-वीस आठवड्यांत जुन्या वाणाच्या प्रौढ नराइतका किंवा त्याहूनही अधिक भरतो. पण त्या छातीची किंमत त्याने अशी मोजली, की त्याला आपला वंशही स्वतः वाढविता येत नाही. माद्यांचे रेतन माणसाच्या हातून करावे लागते. आपल्याकडे गावठी कोंबडी आणि बॉयलर यांत लोक जो फरक करतात त्याच जातीचा हा फरक आहे, फक्त त्याहून पुष्कळ पुढे गेलेला. म्हणून अमेरिकेत जुन्या वाणाची ओळख तीन खुणांनी पटवितात: पाखराने नैसर्गिक रीतीने जोडी जमवावी, मोकळ्या हवेत वर्षानुवर्षे टिकावे आणि सावकाश वाढावे. मादी पाच-सात वर्षे आणि नर तीन-पाच वर्षे पैदाशीच्या कामी यावा, अशी अपेक्षा असते.

या कसोटीला उतरणारी पाखरे किती उरली याची मोजणी पशुधनाच्या जुन्या जाती जपणाऱ्या तेथील संस्थेने १९९७ साली केली. साऱ्या अमेरिकेत सर्व जुन्या वाणांची मिळून पैदाशीची पाखरे १,३३५ भरली. ज्या देशात सणाच्या एका दिवशी कोट्यवधी टर्की खाल्ल्या जातात, तेथे त्या सणाची मूळ मानकरी मोजायला एखाद्या लहान खेड्याची शिरगणती पुरावी! त्या आकड्याने काही माणसे जागी झाली. पुढच्या दशकात ही संख्या अनेक पटींनी वाढली, आणि ती वाढविली मोठ्या कारखान्यांनी नव्हे. चार-दोन एकरांच्या मालकांनी, ज्यांच्या अंगणात आधीपासून कोंबड्या होत्या. येथेच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला.

कोंबड्या पाळणाऱ्याला टर्कीची पिले वाढविणे म्हणजे त्याच कामाचा मोठा आकार असे वाटते. हा समज पहिल्या आठवड्यातच दूर होतो. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, टर्कीचे २८ दिवस घेते. कोंबडीचे पिलू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच दाणे टिपू लागते. टर्कीचे पिलू भरल्या ताटाशेजारी उपाशी मरू शकते, कारण हे अन्न आहे आणि ते खावयाचे असते हे त्याला कोणीतरी दाखवावे लागते. जाणते लोक एकेका पिलाची चोच पाण्यात बुडवून देतात, दाण्यांत रंगीत काचेच्या गोट्या टाकतात, म्हणजे चमकणाऱ्या वस्तूवर चोच मारता मारता ते दाणा गिळू लागते. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवावी. ओल आणि गारवा यांचा त्याला अगदी तिटकारा. अन्नही जड लागते: कोंबडीच्या पिलाला खाण्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने पुरतात, टर्कीच्या पिलाला २८ टक्के लागतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे चुनखडीयुक्त खाद्य वाढत्या पिलांना घालू नये. आणि एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोंबड्यांच्या खाद्यात हगवणीच्या रोगावर जी औषधे मिसळलेली असतात, त्यांतील सॅलिनोमायसिनसारखी काही टर्कीला विषासमान ठरतात. एकाच पोत्यातून दोघांना वाढणे हा काटकसरीचा मार्ग कधी कधी फार महागात पडतो.

या साऱ्या कटकटीवर जुन्या बायांजवळ एक सुरेख उपाय होता. तो म्हणजे खुडूक कोंबडी. टर्कीची मादी स्वतः अंडी उबविते; पण ती घरटे घालते ते बांधाआडच्या झुडपात, आणि तेथून कोल्हा किंवा रकून हे निशाचर जनावर तिला अंड्यांसह उचलून नेते. म्हणून तिची अंडी गोळा करून एखाद्या शांत स्वभावाच्या, अंगापिंडाने थोराड कोंबडीखाली बसवीत. टर्कीचे अंडे मोठे, त्यामुळे एका कोंबडीखाली सात-आठच मावत. कोंबडी दिवस मोजीत नाही. एकवीसचे अठ्ठावीस झाले तरी ती निमूट बसून राहते. पिले निघाली, की ती त्यांना आपलीच मानते. पायाने माती उकरते, 'कुक् कुक्' करून दाणा दाखविते, पावसाचा थेंब पडताच पंख पसरते. जे काम माणसाला गोट्या टाकून करावे लागते ते तिला उपजत येते. पिले तिच्याहून उंच झाली तरी तिच्या मागेमागे धावत असतात, आणि ती बिचारी त्या धिप्पाड लेकरांना पंखाखाली घेण्याची धडपड करीत राहते. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना दोन जातींच्या एकोप्याबद्दल शंका येऊ नये, असेच वाटेल.

मोठेपणी एवढा एकोपा राहत नाही. तथापि ती भांडणे चालवून घेण्यासारखी असतात. कोंबडा उडी घेऊन पायाच्या काट्याने वार करतो. टर्कीचा नर मानेला मान लावून शत्रूच्या चोचीवरची लोंबती कातडी पकडतो आणि रेटीत नेतो. दोघांच्या युद्धाचे नियम निराळे असल्यामुळे कोणी हरले हे कोणाला कळत नाही, आणि शेवटी बहुधा वजनाचा विजय होतो. रंगात आलेला नर कोंबडीवर चढला तर ती जखमी होण्याची भीती असते, म्हणून वसंतात तरी नरांना निराळे कुंपण घालावे लागते. रात्री कोंबड्या शहाण्यासारख्या खुराड्यात शिरतात. टर्कीला मात्र झाडाची फांदी किंवा घराचे छप्पर हवे असते. मोठे घुबड तिला तेथे गाठते, तरी ती आपला हट्ट सोडीत नाही. लहानपणापासून जाड, रुंद दांडीची आणि उंच छताची पडवी दिली तर सवय लागते. एवढ्यावर भागले असते तर एकत्र पाळण्याविरुद्ध कोणी काही बोलले नसते.

१८९० च्या सुमारास ऱ्होड आयलंडच्या शेतांवर टर्कीची पिले मरू लागली. आठ-दहा आठवड्यांची, चांगली अंगात भरलेली पिले पंख गाळून उभी राहत, डोळे मिटत, गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकीत आणि काही दिवसांत आडवी होत. काहींचे डोके काळेनिळे पडे, म्हणून लोकांनी रोगाला 'काळडोक्या' असे नाव दिले. नाव चुकीचेच, काळे डोके प्रत्येकाचे होत नाही आणि इतर रोगांतही ते होते. खरी खूण पोटात असे. मेलेले पाखरू चिरले, की त्याच्या यकृतावर वाटोळे, मध्यभागी दबलेले डाग दिसत, आणि आंधळी आतडी सुजून घट्ट झालेली असत. कळपात शिरला म्हणजे हा रोग शंभरातली ऐंशी, नव्वद, कधी कधी सगळीच पिले नेत असे. राज्याच्या कृषिसंशोधन केंद्रातील सॅम्युएल कुशमन यांनी १८९३ मध्ये त्याची नोंद केली आणि तपासासाठी मेलेली पाखरे थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञाकडे गेली.

स्मिथ हा मोठ्या योग्यतेचा माणूस. गुरांचा टेक्सास-ज्वर गोचिडीमार्फत पसरतो हे त्याने व त्याच्या सहकाऱ्याने १८९३ मध्येच सिद्ध केले होते. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. १८९५ साली स्मिथने टर्कीच्या रोगाचे कारण एक सूक्ष्म एकपेशी जीव आहे असे दाखवून दिले. त्यालाच पुढे १९२० मध्ये अर्नेस्ट टिझर यांनी 'हिस्टोमोनास' हे नाव दिले. पण मुख्य कोडे सुटले नव्हते. हा जीव मोकळ्या हवेत आला, की काही तासांत मरतो. मग वर्ष-वर्ष रिकाम्या राहिलेल्या जमिनीवर नवा कळप सोडला तरी त्याला रोग होतो तो कसा?

उत्तर मिळायला पंचवीस वर्षे लागली. १९२० मध्ये स्मिथ आणि ग्रेबिल यांनी पाखरांच्या आंधळ्या आतड्यांत राहणाऱ्या जंताची अंडी टर्कीला खाऊ घालून हा रोग उत्पन्न करून दाखविला. जंत दोऱ्यासारखा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचा. स्वतः तो पाखराला फारसा उपद्रव देत नाही. परंतु हिस्टोमोनास त्याच्या अंगात शिरतो आणि त्याच्या अंड्यांत जाऊन बसतो. जंताचे अंडे कवचाने इतके बळकट, की विष्ठेबरोबर जमिनीत पडल्यावर ते दोन, तीन आणि त्याहून अधिक वर्षे जिवंत राहते, आणि त्याच्या आत तो मारेकरीही सुखरूप असतो. गांडूळ माती खाताना ती अंडी गिळते आणि साठविते. पाऊस पडला, गांडुळे वर आली आणि टर्कीच्या पिलांनी मेजवानी केली, की पुढले सारे ठरलेले.

आता हा जंत सर्वांत उत्तम वाढतो कोठे, हे सांगितले म्हणजे ऱ्होड आयलंडच्या अंगणातील शोकान्त कथा पुरी होते. तो वाढतो कोंबडीच्या आतड्यात. हिस्टोमोनासही कोंबडीत शिरतो. पण तिला बहुधा त्याची जाणीवही होत नाही. ती खाते, अंडी देते, तुरा लाल ठेवते आणि पावलोपावली जमिनीत विष पेरीत जाते. कोंबडी आशियाची, या जंताचा आणि त्याच्या पाहुण्याचा तिचा सहवास फार प्राचीन असावा, असे मानले जाते. टर्की अमेरिकेची, तिला या शत्रूची ओळख नव्हती. नॅरागॅन्सेटच्या किनाऱ्यावर ही दोन खंडे एका कुंपणात आली. ज्या प्रेमळ कोंबडीने टर्कीची पिले पंखाखाली घेतली, दाणा टिपायला शिकविले, तीच माती उकरून उकरून त्यांना मृत्यू भरवीत होती. यात तिचा दोष नाही, आणि तिच्या मालकाचाही नाही. पंचवीस वर्षे तर कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र त्या काळात तेथील टर्कीपालन खचले, लोकांनी कोंबडीवर भिस्त ठेवली, आणि लाल कोंबडीचा भाग्योदय झाला त्याच वर्षांत पट्टेरी टर्की मागे पडत गेली.

पुढे औषधे आली आणि गेली. सोमलयुक्त नायटार्सोन हे औषध टर्कीच्या खाद्यात अनेक दशके मिसळले जात असे. मांसात सोमलाचा अंश राहतो या चिंतेपोटी २०१५ च्या अखेरीस ते अमेरिकेत बंद झाले. त्याआधी वापरात असलेली दुसरी औषधेही खाण्यासाठी पाळलेल्या पाखरांना देणे तेथे निषिद्ध ठरले आहे. म्हणजे आज या रोगावर त्या देशात मान्यताप्राप्त असा उपचार नाही. दीडशे वर्षांत विज्ञान पुष्कळ पुढे गेले, आणि शेतकरी मात्र फिरून कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

तरीही दोन्ही पाखरे एकत्र पाळणारी माणसे आहेत, आणि 'आमच्याकडे दहा वर्षांत काही झाले नाही' असे ती सांगतात. त्यांचे सांगणे खोटे नसते, पण ते सर्वांना लागू पडत नाही. जेथे जमीन रेताड आणि कोरडी असते तेथे जंताची अंडी टिकत नाहीत, गांडुळेही थोडी असतात. तेथे दोघांचा शेजार निभतो. काळ्या, ओलसर, पावसाच्या मुलखात तोच प्रयोग पहिल्याच मोसमात फसू शकतो. शेजाऱ्याचा अनुभव उसना घेण्यापूर्वी त्याची माती उसनी मिळत नाही, हे लक्षात घेतलेले बरे. ज्याची जमीन ओली आहे आणि जिच्यावर कोंबड्या वर्षानुवर्षे उकरीत आल्या आहेत, त्याने टर्की त्याच अंगणात सोडणे हा धाडसीपणा नसून निष्काळजीपणा आहे.

मग करावे काय? अनुभवी लोक दोघांनाही ठेवतात, पण दोन संसार करून. टर्कीसाठी अशी जमीन निवडतात, की जीवर चार-पाच वर्षांत कोंबडी फिरकलेली नाही. आणि ती चढावर असावी, म्हणजे कोंबड्यांच्या वाड्यातील पाणी वाहून तिकडे येत नाही. तिचे चार वाटे पाडून कळप वर्षागणिक पुढल्या वाट्यात नेतात. पाण्याच्या भांड्याखाली खडी किंवा जाळी घालतात, कारण चिखल तेथेच होतो. दाणे जमिनीवर विखरीत नाहीत. पिलांना पहिले आठ-दहा आठवडे तारेच्या जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उचललेल्या पडवीत ठेवण्याची जुनी युक्तीही उपयोगाची आहे. विष्ठा खाली पडते आणि पिलाची चोच तिथवर पोचत नाही. दोन्ही कळपांना जंताचे औषध वेळच्या वेळी देतात, मात्र पशुवैद्याला विचारून. कारण ते औषध जंतावर चालते, रोगावर नव्हे. खुडूक कोंबडीचा मोहही आवरावा लागतो. कोंबडीऐवजी टर्कीची मादीच बंदिस्त जागी अंड्यांवर बसविली तर पिलांना आई मिळते आणि रोगाचा वारसाही मिळत नाही. एखादे पाखरू मेले तर ते पुरण्याआधी त्याचे यकृत पाहावे. आजारी पाखरू ताबडतोब दूर करणेही तितकेच महत्त्वाचे. कारण एकदा कळपात रोग आला, की ओल्या विष्ठेतून तो जंताच्या मदतीवाचूनही एका टर्कीकडून दुसऱ्या टर्कीकडे जातो.

हे सारे करण्यात मिळते ते काय, असे कोणी विचारील. हिशेबाने पाहिले तर थोडेच. २८ आठवडे खाऊ घातलेले पाखरू कारखान्याच्या पाखराशी किमतीत टिकू शकत नाही. ते घेणारा गिऱ्हाईक वेगळा आणि थोडा. पण जुने वाण ही काही पेटीत ठेवून जपण्याची वस्तू नव्हे. ते दरवर्षी कोणीतरी खाल्ले तरच दरवर्षी कोणीतरी पाळणार. हे वाक्य कानाला विचित्र लागते, परंतु पाळीव पाखरांच्या बाबतीत ते खरे आहे.

नोव्हेंबर उजाडतो. पाने गळालेली असतात आणि सकाळी गवतावर दंव गोठलेले असते. घरधनी कुरणात उभा राहून कळप निवडतो. पाय सरळ आहेत कोणाचे, पट्टे स्वच्छ आहेत कोणाचे, झाडावर सहज उडून बसते कोण, उन्हाळाभर आजारी पडले नाही कोण. सर्वांत वजनदार नर नेहमीच राखला जातो असे नाही. पुष्कळदा तो बाजारात जातो आणि मध्यम आकाराचा, चपळ नर चार-सहा माद्यांसह पुढच्या वसंतासाठी मागे राहतो. निवड झाली म्हणजे तो त्यांना दाणे घालतो, पाणी बदलतो. मग फाटकाबाहेर येऊन पायांतले बूट काढून ठेवतो, दुसरा जोड चढवितो आणि कोंबड्यांच्या वाड्याकडे वळतो. आधी टर्की आणि नंतर कोंबड्या, हा रोजचा क्रम. तो उलटा करावयाचा नसतो.